शब्दांची विचारपूस : उलटणे, पालटणे आणि मधले 'पलटणे'

या अंकासाठी निवडलेली पत्रे वेगवेगळ्या व्यवसायांतल्या वाचकांची आहेत, पण ती सारी एकाच क्रियेभोवती येऊन थांबतात. एखादी वस्तू, एखादी स्थिती किंवा एखादे म्हणणे फिरून दुसऱ्या बाजूला गेले, तर त्याला मराठीत नेमके काय म्हणायचे, असा त्या सर्वांचा प्रश्न आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : मी एका दैनिकात मुद्रितशोधनाचे काम करतो. अपघाताच्या बातम्यांत 'ट्रक उलटला', 'ट्रक पलटला', 'ट्रक पलटी झाला' आणि क्वचित 'ट्रक पालटला' अशी चारही रूपे माझ्यापुढे येतात. वरिष्ठ सहकाऱ्यांच्या मते 'पलटणे' हा हिंदी शब्द असल्याने तो छापू नये. तरुण बातमीदारांचे म्हणणे असे, की बोलताना सगळे तसेच म्हणतात. कोणते रूप ठेवावे, आणि का?

उत्तर : 'ट्रक उलटला' हे रूप ठेवावे. मात्र त्याचे कारण 'पलटणे' हिंदी आहे एवढेच मानले, तर प्रश्न अर्धाच सुटतो. मराठीत शेजारच्या भाषांतून आलेले शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांतले कितीतरी आपण आपले म्हणून वापरतो. 'बदल' हा शब्दच अरबीतून आलेला आहे आणि त्यावाचून आज कोणाचे पानही हलणार नाही. खरे कारण असे, की मराठीने 'उलटणे' आणि 'पालटणे' ही दोन क्रियापदे दोन वेगळ्या कामांसाठी राखून ठेवली आहेत आणि 'पलटणे' त्या दोन्ही कामांत शिरून त्यांच्यातली सीमारेषा पुसून टाकते.

'उलटणे' या क्रियापदाची नजर वस्तूच्या बाजूंवर असते. वरची बाजू खाली जाते, खालची वर येते, दर्शनी बाजू मागे जाते. वस्तू मात्र तीच राहते. पान उलटते, होडी उलटते, गाडी उलटते. गाडी उलटल्यावरही ती गाडीच असते, फक्त तिची चाके आकाशाकडे असतात. 'पालटणे' या क्रियापदाची नजर वस्तूच्या बाजूंवर नसून तिच्या अवस्थेवर असते. तिथे एक जाते आणि तिच्या जागी दुसरे येते. रूप पालटते, दिवस पालटतात, नशीब पालटते, आणि या प्रत्येक वाक्यात आधीचे काहीतरी उरलेले नसते. या शब्दाचे समास पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. कायापालटात जुनी काया जाऊन नवी येते, हवापालटासाठी माणूस एका ठिकाणची हवा सोडून दुसरीकडे राहायला जातो, वेषपालटात एक वेष उतरतो आणि दुसरा चढतो, सत्तापालटात राज्य करणारे बदलतात. 'खांदेपालट' हा तर फारच बोलका शब्द आहे: पालखी तीच असते, वाटही तीच असते, फक्त तिच्या दांडीखालचा एक खांदा बाजूला होतो आणि दुसरा तिथे येतो. मंत्रिमंडळातल्या बदलांसाठी वर्तमानपत्रांनी हा शब्द उचलला, हे मला त्यांच्या भाषेतल्या उत्तम निवडींपैकी एक वाटते. याच कारणाने 'ट्रक पालटला' हे रूप आपण निःशंकपणे खोडावे. त्या वाक्याचा अर्थ लावायचाच झाला, तर एका ट्रकच्या जागी दुसरा ट्रक आला असा काहीसा लागेल.

दोन शब्दांचे मूळ पाहिले तरी हे नाते मजेशीरपणे उलगडते. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत 'पर्यस्' या धातूसाठी पलोट्ट, पल्लट्ट आणि पल्हत्थ असे तीन पर्याय नोंदवले आहेत. 'परि' म्हणजे सभोवार आणि 'अस्' म्हणजे फेकणे, तेव्हा 'पर्यस्त' म्हणजे फिरवून टाकलेले, पालथे झालेले. 'पल्लट्ट' या रूपातून आपले 'पालट' आले आणि 'पल्हत्थ' या रूपाशी आपले 'पालथा' जुळते. जोडाक्षर सुटताना आधीचा स्वर दीर्घ होणे ही मराठीची जुनी सवय आहे. 'हस्त'चे 'हत्थ' आणि त्याचे 'हात' झाले, 'कर्म'चे 'कम्म' आणि त्याचे 'काम' झाले, तसेच 'पल्लट'चे 'पालट' झाले. हात आणि काम यांच्या बाबतीत हिंदीनेही हीच वाट धरली, परंतु या एका शब्दात तिने ऱ्हस्व 'प' ठेवला आणि 'पलटना' हे एकच क्रियापद पान, गाडी, बोलणे आणि नशीब या सर्वांसाठी वापरले. म्हणून 'पलटणे' हा परका शब्द नाही, तो 'पालटणे'चा सख्खा भाऊ आहे. पण आपल्याकडे त्याचे काम आधीच दोघांमध्ये वाटलेले होते. (लष्करातल्या 'पलटणी'चा या कुळाशी काहीही संबंध नाही. तो शब्द युरोपीय फौजांबरोबर आपल्याकडे आला.)

माझा सल्ला असा, की प्रत्यक्षदर्शीचे बोलणे अवतरणात देताना 'गाडी पलटी झाली' हे तसेच ठेवावे, कारण ते त्या माणसाचे बोलणे आहे आणि ते सुधारण्याचा अधिकार आपल्याला नाही. बातमीच्या स्वतःच्या निवेदनात मात्र 'उलटली' लिहावे. 'पलटी होणे', 'पलटी खाणे' यांत क्रियापदाचे नाम करून पुन्हा त्याला 'होणे' जोडण्याचा द्राविडी प्राणायाम आहे, आणि एका शब्दात होणारे काम दोन शब्दांत करण्याचे बातमीत काहीच कारण नसते.

आपल्या कामासाठी याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. प्रत्येक अपघातात वाहन उलटलेलेच असते असे नाही. ते एका अंगावर झुकून पडले असेल, तर ते 'कलंडले'. चाके पूर्ण वर गेली असतील, तरच ते 'उलटले'. पाणी भरू लागल्यावर होडी आधी कलंडते आणि मग उलटते, आणि या दोन क्रियांच्या मधल्या काळात माणसे वाचू शकतात. म्हणून बचावाच्या बातमीत हा भेद केवळ शैलीचा राहत नाही. भरलेले भांडे धक्का लागून आडवे होते आणि त्यातले सांडते, तेव्हा ते 'लवंडते'. भांड्याचे तोंड जमिनीकडे करून ठेवले, तर ते 'पालथे' किंवा 'उपडे' घातलेले असते, आणि त्यात अपघात नसून हेतू असतो. माणूस पाठीवर असेल तर 'उताणा' आणि पोटावर असेल तर 'पालथा'. काही महिन्यांचे बाळ कुशीवरून पोटावर येते, तेव्हा ते पालथे पडते. ते उलटले असे कोणतीही आई म्हणणार नाही. वाहनचालक 'पालथा पडलेला आढळला' हे वाक्य पोलिसांच्या दृष्टीने नेमकी माहिती देते, 'उलटा पडलेला आढळला' हे वाक्य देत नाही, कारण उलटा म्हणजे पोटावर, की डोके पायांच्या जागी, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

व्याकरणाचाही एक बारकावा सांगून ठेवतो. 'उलटणे' अकर्मक आहे तसेच सकर्मकही आहे: 'होडी उलटली' आणि 'तिने पान उलटले' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. कोणीतरी जाणूनबुजून, जोर लावून ते घडवले असे सांगायचे असेल, तर 'उलटवणे' हे प्रयोजक रूप वापरावे. 'गाडी उलटली' यात अपघात आहे आणि 'जमावाने गाडी उलटवली' यात गुन्हा आहे. हा एक 'व' बातमीत फार जपून टाकावा लागतो.

प्रश्न : माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. 'उलट दिशा' बरोबर की 'उलटी दिशा', असे एका विद्यार्थिनीने विचारले. मी 'उलट' सांगितले, पण 'उलटा सदरा' चालतो आणि 'उलट सदरा' चालत नाही याचे कारण मला देता आले नाही.

उत्तर : आपण दिलेले उत्तर बरोबर होते आणि आपल्या विद्यार्थिनीचा कान तयार आहे. 'उलट' या शब्दाला लिंगवचनाचा विकार होत नाही आणि तो बहुधा दोन गोष्टींमधला संबंध सांगतो. एक दिशा दुसऱ्या दिशेच्या उलट असते. दुसरी दिशा मनात धरल्याशिवाय 'उलट दिशा' या शब्दांना अर्थच नाही. 'उलटा, उलटी, उलटे' हे विकारी विशेषण एकाच वस्तूची स्थिती सांगते. सदरा आतली शिवण बाहेर करून घातला, तर तो दुसऱ्या कोणत्याही सदऱ्याशी न ताडता स्वतःपुरता उलटा असतो. 'उलट' म्हणजे विरुद्ध आणि 'उलटा' म्हणजे फिरलेला, अशी खूणगाठ मुलांना द्यावी. ती बहुतेक ठिकाणी टिकते.

या खुणेने पुष्कळ प्रयोग आपोआप लागतात. 'उलट टपाली कळवा' यात आलेल्या टपालाच्या विरुद्ध दिशेने जाणारे टपाल आहे. 'उलट उत्तर' म्हणजे वडीलधाऱ्यांच्या बोलण्यावर टाकलेले प्रत्युत्तर, म्हणजे पुन्हा दोन बोलण्यांमधला संबंध आला. 'उलट, मला तर ते आवडले' या वाक्यात हाच शब्द आधीचे विधान आणि पुढचे विधान समोरासमोर उभी करतो, आणि 'उलटपक्षी' तेच काम अधिक गंभीरपणे करतो. दुसऱ्या बाजूला 'उलट्या काळजाचा माणूस' हा स्वतःच्या ठायी फिरलेल्या काळजाचा आहे, आणि 'उलट्या पावली परतला' यात पावलांनीच आपले तोंड फिरवले आहे. 'चोराच्या उलट्या बोंबा' ही म्हण वर्गात मुद्दाम घ्यावी. तिथे बोंब मारायला हवी होती ती ज्याच्या घरी चोरी झाली त्याने, आणि मारतो आहे चोर. बोंब मूळ जागेवरून फिरली आहे, म्हणून ती 'उलटी'.

क्रियापदाच्या दोन अर्थच्छटाही मुलांना आवडतील. काळ आणि वय यांच्याबरोबर 'उलटणे' म्हणजे ओलांडून पुढे जाणे: चार दिवस उलटले, मुदत उलटून गेली, मध्यरात्र उलटली, आजोबांची साठी उलटली. वाचून झालेले पान उलटले की ते खाली जाते आणि पुन्हा दिसत नाही, हे चित्र डोळ्यांपुढे ठेवले की हा अर्थ सहज समजतो. दुसरी छटा 'वर' या शब्दयोगी अव्ययाबरोबर येते. 'पाळलेला प्राणी मालकावरच उलटला', 'रचलेला डाव त्याच्यावरच उलटला' या वाक्यांत जे आपल्या बाजूचे होते तेच तोंड फिरवून आपल्याकडे आले आहे. पोटात गेलेले अन्न मार्ग फिरवून परत येते म्हणून त्याला 'उलटी' म्हणतात, हे मुले स्वतःच शोधून काढतील आणि शोधल्याचा त्यांना आनंदही होईल.

प्रश्न : 'राजकारणात मोठी उथलपुथल' असे मथळे दिसतात. 'उलथापालथ' हा शब्द जुना झाला का?

उत्तर : तो मुळीच जुना झालेला नाही, आणि त्याची जागा दुसऱ्याला देण्याचे कारण मला दिसत नाही. 'उथलपुथल' हे हिंदी रूप आहे. मराठी वाचकाला त्यात 'उथळ' ऐकू येते आणि अर्थाला नको तो रंग चढतो. 'उलथापालथ' या शब्दाचे दोन्ही घटक मराठीत जिवंत आहेत: 'उलथणे' म्हणजे तळाशी जोर लावून उखडणे आणि 'पालथे' म्हणजे तोंडावर पाडलेले. आधी मुळापासून सुटणे आणि मग उपडे पडणे असे दोन टप्प्यांचे चित्र या एका शब्दात आहे. 'उलथापालट' असेही काही जण लिहितात, पण त्यात 'पालथे'चे हे चित्र राहत नाही.

प्रश्न : नेतृत्वबदलासाठी 'भाकरी फिरवणे' असे म्हटले जाते. आमच्या बोलण्यात भाकरी 'परततात' किंवा 'उलटतात'. मग राजकारणातली भाकरी फिरते का? आणि 'उलथणे' हे क्रियापद आहे की वस्तू?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. तव्यापुढे बसलेली व्यक्ती 'भाकरी परत' किंवा 'उलट' असेच बहुधा सांगते. राजकारणातली भाकरी फिरते ती एका जुन्या कोड्यामुळे. 'भाकरी का करपली? घोडा का अडला? पान का सडले?' असे तीन प्रश्न विचारायचे आणि तिन्हींना मिळून एकच उत्तर मागायचे, असे ते कोडे आहे. उत्तर असे: 'न फिरवल्यामुळे.' भाकरी तव्यावर उलटली नाही, घोड्याला रपेट दिली नाही, चवडीतली विड्याची पाने खालीवर केली नाहीत. या तिन्ही कामांना स्वतःची वेगळी क्रियापदे आहेत, परंतु कोड्याला असा शब्द हवा होता जो तिन्ही ठिकाणी बसेल, आणि मराठीत ती ऐसपैस जागा फक्त 'फिरवणे' या शब्दात आहे. नेतृत्वाबद्दल बोलताना हे कोडे पार्श्वभूमीला असते: एकाच बाजूवर फार वेळ राहिले तर करपते, हा त्यातला इशारा आहे. म्हणून तिथे 'भाकरी परतली' असे केले तर कोडेही जाईल आणि इशाराही. स्वयंपाकाविषयी लिहिताना 'परतणे' ठेवावे.

'परतणे' या शब्दाबद्दल मला विशेष आपुलकी आहे, कारण त्यात निघालेल्या जागी पुन्हा येण्याची कल्पना आहे. माणूस घरी परततो, पाऊस परतीच्या वाटेला लागतो, कर्जाची परतफेड होते, गुंतवणुकीवर परतावा मिळतो. कढईतला पदार्थ हलवून हलवून पुन्हा तिथेच आणतात, तेही परतणेच. 'परतवणे' या रूपात जोर आहे: हल्ला परतवला, चेंडू परतवला, म्हणजे जिथून आला तिथे धाडला. मात्र 'मी त्यांचे पुस्तक परतवले' असे लिहू नये. पुस्तक 'परत केले' किंवा 'परत दिले'. ते हल्ला करून आलेले नसते.

'उलथणे' हे क्रियापदही आहे आणि वस्तूही. क्रियापद म्हणून त्यात खालून नेट लावण्याचा भाव असतो. पहारेने दगड उलथतात, वादळात झाड मुळांसकट उलथून पडते, आणि राजवट 'उलथवली' असे म्हटले की ती मतदानाने गेली नाही हे न सांगताही कळते. मतदानाने गेली असेल तर तो सत्तापालट. 'कुठे उलथला होतास?' हा रागाचा प्रश्नही याच शब्दाचा, आणि त्यात शब्दाचा सगळा दांडगेपणा उतरला आहे. वस्तू म्हणून 'उलथणे' म्हणजे तव्यावरच्या पदार्थाखाली सरकवून तो उलटायचे चपटे पाते, ज्याला काही घरांत 'कालथा' म्हणतात. खाली शिरून नेट लावणे हेच त्याचेही काम असल्याने नाव अगदी चपखल बसले आहे.

'फिरणे' या शब्दाची एक छटा आपल्या पत्राच्या निमित्ताने नोंदवावीशी वाटते. 'दिवस पालटले' असे म्हटले की ते बहुधा चांगले झालेले असतात; 'दिवस फिरले' असे म्हटले की ते बहुधा वाईट झालेले असतात. 'ग्रह फिरले', 'डोके फिरले', 'शब्द फिरवला', 'पाठ फिरवली' या सर्वांत तीच प्रतिकूलता आहे. 'घर फिरले की घराचे वासेही फिरतात' या म्हणीत 'पालटले' घालून पाहावे. म्हणीतले दुःखच निघून जाते. शुभेच्छापत्रात 'तुमचे दिवस फिरोत' असे कोणी लिहिले, तर त्याचा हेतू चांगला असूनही वाक्य शाप होईल.

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. एखाद्याने आपली भूमिका पूर्ण बदलली यासाठी 'यू-टर्न घेतला' असे सर्रास लिहिले जाते. मराठी पर्याय आहे का? आणि कोणाचे मत बदलवण्यासाठी 'मन फिरवले' म्हणावे का?

उत्तर : पहिल्यासाठी 'घूमजाव' हा उत्तम शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. 'घूम जाव' ही कवायतीतली हिंदुस्थानी आज्ञा. मराठीने तिचे एक नाम केले आणि 'मंत्र्यांचे घूमजाव' असे म्हणायला सुरुवात केली. त्यात टाच जागेवर ठेवून गर्रकन तोंड फिरवणारा माणूस दिसतो, आणि भूमिका बदलणाऱ्याचे चित्र याहून चांगले कोणते असणार? रस्त्यावरच्या वाहनासाठी 'यू-टर्न' ठेवायला माझी हरकत नाही, कारण तिथे तो वाहतुकीचा रूढ शब्द आहे. भूमिकेसाठी मात्र घूमजावच लिहावे. दिलेल्या वचनाबद्दल बोलायचे असेल, तर 'शब्द फिरवला' पुरेसे आहे. 'शब्दावरून पलटला' या रचनेत हिंदी 'बात से पलटना' दिसते. 'पलटवार' या शब्दाऐवजी शस्त्रांच्या संदर्भात 'प्रतिहल्ला' आणि बोलण्याच्या संदर्भात 'प्रत्युत्तर' हे दोन नेमके शब्द आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'मन वळवले' असे आहे. 'वळवणे' या शब्दात मूळ प्रवाह चालूच राहतो, फक्त त्याची दिशा हळूहळू बदलते. नदीचे पाणी वळवतात, गुरे वळतात, आणि समजुतीने मनही वळवतात. बळजबरी तिथे नसते. 'मन फिरवले' यात कोणीतरी कान भरल्याचा वास येतो, आणि 'मन पालटले' यात बाहेरच्या कोणाचाही हात नसून माणूस आतून वेगळा झालेला असतो. आपल्या मूळ मजकुरात बदल कोणी आणि कसा घडवला हे पाहून या तिघांतून निवड करावी. 'कळते पण वळत नाही' या म्हणीतले 'वळणे' हेच: समज आली आहे, पण वागण्याची दिशा बदललेली नाही. या म्हणीचा अनुवाद करण्याची वेळ आली, तर तिथे फार वेळ थांबावे लागेल, कारण 'कळणे' आणि 'वळणे' यांचा नाद दुसऱ्या भाषेत नेता येत नाही.

प्रश्न : वकिलीच्या पहिल्या वर्षात आहे. 'उलटतपासणी' या शब्दाने साक्षीदाराला उलटवायचे असते असे पक्षकारांना वाटते. तसे आहे का?

उत्तर : तसे नाही. इथे 'उलट' म्हणजे विरुद्ध पक्षाने केलेली. ज्या पक्षाने साक्षीदाराला बोलावले त्याच्या वकिलाने आधी विचारायचे, ती सरतपासणी; विरुद्ध पक्षाच्या वकिलाने विचारायचे, ती उलटतपासणी; आणि तीत निघालेल्या गोष्टींचा खुलासा करून घेण्यासाठी पहिल्या पक्षाने पुन्हा विचारायचे, ती फेरतपासणी. साक्षीदार आपल्याच पक्षावर उलटला, तर त्यासाठी 'फितूर' हा वेगळा शब्द न्यायालयीन मराठीत आहे. पक्षकारांना हा फरक आधीच समजावून सांगितला, तर त्यांची पुष्कळशी भीती कमी होईल.

प्रश्न : भूमितीत प्रमेयाचा 'व्यत्यास' येतो, बीजगणितात 'व्यस्त' येते आणि वर्तमानपत्रात 'विपर्यास'. हे तिन्ही 'उलट' या अर्थाचेच आहेत का? मग तीन शब्द कशाला?

उत्तर : तिन्ही एकाच घरातले आहेत आणि ते घर आपण पहिल्या उत्तरात पाहिले आहे. 'अस्' म्हणजे फेकणे. याच धातूतून फेकायचे ते 'अस्त्र' आले. 'वि' लागून 'व्यस्त' झाले, 'वि' आणि 'अति' लागून 'व्यत्यास' झाले, 'वि' आणि 'परि' लागून 'विपर्यास' झाले. 'विपर्यास' या शब्दातला 'पर्यास' आणि आपला साधा 'पालथा' हे दोघे एकाच 'पर्यस्'ची लेकरे आहेत: एक संस्कृतातून जसाच्या तसा आला, दुसरा प्राकृताच्या पायवाटेने चालत आला.

कामे मात्र तिघांची वेगळी आहेत. व्यत्यासात विधानाचे दोन भाग एकमेकांच्या जागी जातात. त्रिकोणाच्या दोन बाजू एकरूप असतील तर त्यांच्या समोरचे कोन एकरूप असतात, हे प्रमेय. दोन कोन एकरूप असतील तर त्यांच्या समोरच्या बाजू एकरूप असतात, हा त्याचा व्यत्यास. इथे दोन्ही खरी आहेत, पण तसे नेहमीच असते असे समजू नये. चौरसाचे चारही कोन काटकोन असतात हे खरे. चारही कोन काटकोन असलेला चौकोन चौरसच असतो हे खोटे, कारण तो चौरस नसलेला आयतही असू शकतो. व्यस्त हा राशींमधला संबंध आहे: एक जितक्या पटीने वाढते तितक्याच पटीने दुसरी कमी होते आणि त्यांचा गुणाकार कायम राहतो. एक काम 8 मजूर 6 दिवसांत करत असतील, तर त्याच गतीने 12 मजूर ते 4 दिवसांत करतील. दोन्हीकडे गुणाकार 48 येतो. 'मी आज फार व्यस्त आहे' हा प्रयोग हिंदीच्या वाटेने आला असून मराठीत तिथे 'कामात आहे' किंवा 'गुंतलो आहे' हे अधिक मोकळे वाटते.

विपर्यासात शब्द त्याच माणसाचे असतात आणि अर्थ पालथा केलेला असतो. 'परीक्षा रद्द केल्यास मुलांचे नुकसान होईल' असे कोणी म्हणाले आणि ते 'परीक्षा रद्द करण्याचे संकेत' म्हणून छापले गेले, तर तो विपर्यास आहे. शब्द गाळला गेला, आकडा चुकला किंवा नाव दुसऱ्याचे पडले, तर ती चूक आहे. तिला विपर्यास म्हणू नये, कारण तिथे काही उलटे केलेले नसते.